विद्यापीठाचा खेळाडू जगाच्या मैदानावर पोचतो कसा?

"सर, पोरीला विद्यापीठाकडनं ऑलिम्पिकला पाठवता येतं का?"

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. पुण्यातल्या कॉलेजात प्रवेशाची गर्दी होती आणि आमच्या जिमखान्याच्या खोलीतही पालकांची ये-जा चालू होती. शिरूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी बारावी झालेली, पाच हजार मीटर पळणारी. जिल्ह्याची, राज्याची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावलेली. स्पाइक्स मात्र जुन्या, एका बुटाचे दोन खिळे झिजून सपाट झालेले. वडिलांनी खुर्चीवर बसायच्या आधीच वरचा प्रश्न विचारला.

मी त्यांना सांगितलं की ऑलिम्पिकला विद्यापीठ कोणालाच पाठवत नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग मी चहा मागवला, कारण पुढचं सगळं सांगायला अर्धा तास तरी लागणार होता. तेच इथे लिहितोय. शारीरिक शिक्षणाच्या या नोकरीत हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, आणि नीट उत्तर मिळालं नाही म्हणून चांगली पोरं चुकीच्या वाटेवर दोन-तीन वर्षं घालवून बसतात.

आपल्याकडे खेळाडूला देशाच्या जर्सीपर्यंत नेणाऱ्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक संघटनेची. म्हणजे जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ आणि सगळ्यात वर भारतीय ऑलिम्पिक संघटना. ऑलिम्पिक, आशियाई स्पर्धा, राष्ट्रकुल स्पर्धा या सगळ्यांची निवड या वाटेनं होते. तिथे तुम्ही कुठे शिकता, शिकता की नाही, हे कोणी विचारत नाही. दुसरी वाट विद्यार्थ्यांची. कॉलेज, विद्यापीठ, भारतीय विद्यापीठ संघ (म्हणजे देशभरच्या विद्यापीठांची संघटना) आणि तिथून जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. या वाटेवर तुमची वेळ कितीही चांगली असली, तरी तुम्ही विद्यार्थी असल्याचा कागद नसेल तर काही उपयोग नाही.

दोन्ही वाटांवर पळणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. म्हणून गोंधळ होतो. एखाद्या विद्यापीठाच्या भिंतीवर "आमचे आंतरराष्ट्रीय खेळाडू" म्हणून नावं लावलेली असतात, त्यात दोन्ही प्रकारची माणसं असतात. काहींना विद्यापीठानं उभं करून पाठवलेलं असतं. काही संघटनेकडून गेलेली असतात आणि त्या काळात इथे शिकत असतात. दोन्हींचा अभिमान वाटणं साहजिक आहे, पण ते वेगळं ओळखता आलं पाहिजे.

कॉलेजपासून वर

शिडी समजून घेऊ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. स्पर्धांसाठी यांचे विभाग केलेले आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर, नाशिक. प्रत्येक विभागातली कॉलेजं आधी आपसात खेळतात, ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथून निवडलेले खेळाडू विभागाकडून खेळतात, ती आंतरविभागीय. तिथून विद्यापीठाचा संघ निघतो. इथे मुलीच्या वडिलांनी मला थांबवलं. "आम्ही शिरूरचे, मग ही जिल्ह्याकडनं की शहराकडनं?" विभाग ठरतो तो कॉलेजच्या पत्त्यावरून, गावावरून नाही. पुण्यातल्या कॉलेजात नाव घातलं की ती पुणे शहराची. शहराच्या विभागात स्पर्धा जास्त, पण ट्रॅक जवळ आणि सोबत पळणाऱ्या मुलीही चांगल्या. हा विचार प्रवेश घेतानाच करायला हवा.

विद्यापीठाच्या संघात नाव आलं की सराव शिबिर, ट्रॅकसूट आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेचं रेल्वेचं तिकीट. सांघिक खेळांत आधी देशाचे चार विभाग खेळतात. आपण पश्चिम विभागात, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान वगैरे विद्यापीठांबरोबर. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. ॲथलेटिक्ससारख्या खेळात बहुधा थेट अखिल भारतीय स्पर्धाच होते. विद्यापीठाकडून खेळलेल्याला "कलर" मिळतो, म्हणजे विद्यापीठाचा मानाचा ब्लेझर. तो ब्लेझर अंगावर चढवून गावच्या लग्नाला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यात मला काही वावगं वाटत नाही. चार वर्षं पहाटे साडेचारला उठून मिळवलेला असतो तो.

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो. हा संघ १९२५ पासूनचा आहे. जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी भारताचा चमू हाच उभा करतो. अखिल भारतीय स्पर्धेतल्या कामगिरीवरून मुलांना निवड चाचणीला बोलावतात आणि चाचणीतून यादी ठरते.

ही जागतिक स्पर्धा म्हणजे काय

१९२३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या, तिथून या कल्पनेची सुरुवात. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ स्थापन झाला. त्याचं फ्रेंच नावावरून आलेलं छोटं रूप "फिसू". फिसूची पहिली मोठी उन्हाळी स्पर्धा १९५९ मध्ये इटलीतल्या तुरीनला झाली. बरीच वर्षं तिला "युनिव्हर्सियाड" म्हणत. आता अधिकृत नाव जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. ही दर दोन वर्षांनी, विषम सालात होते. सम सालात एकेका खेळाच्या जागतिक विद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धा असतात. २०२४ ची नेमबाजीची तशी स्पर्धा आपल्याकडे दिल्लीत झाली.

या स्पर्धेची मला आवडणारी एक गोष्ट सांगतो. पदक देताना विजेत्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजत नाही. "गाउदेआमुस इगितुर" हे जुनं लॅटिन विद्यार्थीगीत वाजतं, सगळ्यांना तेच. पदक देशाच्या नावावर जमा होतं, पण पोडियमवर विजेता उभा असतो तो विद्यार्थी म्हणून. शिकणाऱ्या मुलांची स्पर्धा असल्याची खूण त्यांनी अजून जपली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता वय. वरची मर्यादा पूर्वी २८ होती, ती नंतर २५ वर आणली. खेळाडू त्या वेळी पदवीचा किंवा पदव्युत्तर शिक्षणाचा विद्यार्थी असला पाहिजे, नाहीतर आदल्या वर्षात पदवी मिळवलेला. हे शेवटचं कलम बऱ्याच जणांना माहीत नसतं. पास आऊट झालो म्हणजे संपलं, असं समजून मुलं सराव सोडतात. एक वर्ष अजून हातात असतं.

२६ पदकं, मग १२

२०२३ मध्ये चीनमधल्या चेंगदूला भारतानं २६ पदकं मिळवली: ११ सुवर्ण, ५ रौप्य, १० कांस्य. १९५९ पासून तोवरच्या सगळ्या स्पर्धा मिळून आपल्या खात्यात होती १८. एका स्पर्धेत त्याहून जास्त. दोन वर्षांनी जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूरला मिळाली १२. लगेच लोक म्हणाले, घसरलो.

तसं नाही. या स्पर्धेत काही खेळ सक्तीचे असतात आणि काही यजमान देश आपल्या सोयीनं निवडतो. चेंगदूनं नेमबाजी घेतली होती. आपल्या २६ पैकी १४ पदकं एकट्या नेमबाजीची होती, ७ तिरंदाजीची. मनू भाकर, एलावेनिल वालारिवन, ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर यांच्यासारखे वरिष्ठ संघातले नेमबाज विद्यार्थी म्हणून तिथे उतरले होते. जर्मनीनं नेमबाजी घेतलीच नाही. २६ मधून १४ वजा केले की १२ उरतात आणि जर्मनीतही १२ च मिळाली. पदकांचा आकडा वाचताना यजमानानं कोणते खेळ घेतले होते ते आधी बघावं.

पुण्याच्या मुलांसाठी याचा दुसरा अर्थ असा, की आपल्या मातीतले बरेच खेळ या स्पर्धेत नाहीतच. कबड्डी नाही, खो-खो नाही, मल्लखांब नाही. क्रिकेटही नाही. आपल्या विद्यापीठाची कबड्डीची मुलं आंतरविद्यापीठात कितीही खेळली, तरी विद्यार्थ्यांच्या वाटेनं ती तिथेच थांबतात. पुढे संघटनेचीच वाट. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारतानं जिंकले आणि दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध होते. भारताचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, पुण्याचे. त्या संध्याकाळी आमच्या मैदानावर खो-खोच्या पोरांनी खांबाला हार घातला होता.

पुण्याचा जुना धागा

पुणे विद्यापीठ नव्हतं, इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हाच या शहरानं भारताला ऑलिम्पिकचा रस्ता दाखवला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुलं त्यांनी पाहिली. त्यांच्या वेळा परदेशातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. या मुलांना १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला न्यायचंच, असा ध्यास त्यांनी घेतला. चार धावपटू आणि दोन मल्ल गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, कांस्यपदक एका कुस्तीनं हुकलं. त्या संघामागे विद्यापीठ नव्हतं; एक जिमखाना होता, वर्गणी होती आणि एका माणसाची जिद्द.

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं. डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. त्या वेळी त्याचा पसारा पश्चिम महाराष्ट्रातल्या १२ जिल्ह्यांचा होता. कोल्हापूरचं राजाराम कॉलेजही १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ होईपर्यंत पुण्याच्याच कक्षेत होतं. हा तपशील मी मुद्दाम देतोय, कारण खाशाबा जाधव याच राजाराम कॉलेजात घडले.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये सहावे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारातल्या क्रीडा संकुलाला आज त्यांचं नाव आहे. तरीही खाशाबांना "विद्यापीठानं पाठवलेला ऑलिम्पिकवीर" म्हणणं मला पटत नाही. त्यांना पाठवलं एका प्राचार्यानं आणि गावकऱ्यांनी. विद्यापीठानं त्यांचं नाव लावलं हे चांगलंच झालं. त्या नावाबरोबर गहाण पडलेल्या घराची गोष्टही पोरांना सांगितली पाहिजे.

आता विद्यार्थ्यांच्या वाटेनं गेलेलं एक नाव. संजीवनी जाधव. नाशिक जिल्ह्यातली, चांदवड तालुक्यातली, आपल्या विद्यापीठाची विद्यार्थिनी. ऑगस्ट २०१७ मध्ये तैवानमधल्या तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिनं रौप्यपदक जिंकलं. वेळ ३३ मिनिटं २२ सेकंद. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी ऐंशी सेकंदांत. मोबाइलवर ऐंशी सेकंद लावा आणि कॉलेजच्या मैदानावर एक फेरी मारून बघा. तशा पंचवीस, मध्ये न थांबता. त्याच वर्षी जुलैमध्ये भुवनेश्वरच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये तिला कांस्य मिळालं होतं, ते संघटनेच्या वाटेनं. एकच मुलगी, दोन महिन्यांत दोन्ही वाटांवर. पाच हजार पळणाऱ्या शिरूरच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "सर, ऐंशी सेकंदाची फेरी मी पाच-सहाच काढते."

या वाटेची आणखी एक पायरी अलीकडे तयार झाली आहे, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. पहिली २०२० मध्ये भुवनेश्वरला झाली. चंडीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आणि आपलं दुसरं. दोघांचीही सुवर्णपदकं १७. रौप्यांच्या मोजणीत आपण मागे पडलो. एवढ्या जवळ गेलो होतो.

आणि एक तिसरी वाटही आता पुण्याच्या मुलांना माहीत झाली आहे. आपली टेनिसपटू ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघाकडून खेळली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली ते भारतासाठी. तिकडच्या विद्यापीठांत खेळावर शिष्यवृत्ती मिळते, प्रशिक्षक आणि फिजिओ कॉलेजचेच असतात. आपल्याकडे तेवढी सोय अजून नाही. तरी बालेवाडीचं संकुल आपल्याजवळ आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते बांधलं, २००८ ला तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१३ ला आशियाई ॲथलेटिक्स. ज्या ट्रॅकवर आशियातले विजेते पळाले, तिथे सकाळी सहाला आपली पोरं वॉर्मअप करतात.

विद्यापीठ मग देतं तरी काय

विद्यापीठ स्वतः ऑलिम्पिकला पाठवत नसलं, तरी ते खेळाडूला टिकवून धरतं. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी भरून मिळते. नियमात बसेल तिथे सवलतीचे गुण मिळतात. आंतरविद्यापीठाचं प्रमाणपत्र पुढे नोकरीतही कामाला येऊ शकतं. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीला येणारी कितीतरी पोरं याच आशेवर पळतात. मला याचं वाईट वाटत नाही. ज्या घरात पोरीच्या धावण्यापेक्षा तिच्या लग्नाचा विषय आधी निघतो, तिथे नोकरीची आशा हीच तिची दोन वर्षं वाढवून देते. आणि पाच हजार मीटर पळणारीला ती दोन वर्षंच लागतात. लांब पल्ल्याचा दम वयाच्या विशीनंतर भरत जातो.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळ्यात जास्त पोरं पडतात. सुरुवातीला भरायचा तो पात्रता फॉर्म. त्याला दहावी-बारावीची गुणपत्रिका, बोनाफाईड, जन्मतारखेचा पुरावा, फोटो. नाव सगळीकडे एकसारखं हवं. एका कागदावर "वैष्णवी", दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, असं झालं की वर गेल्यावर अडकतं. पासपोर्ट लागेल तेव्हा काढू, असं म्हणायचं नाही. अखिल भारतीयला नाव आलं की त्याच महिन्यात अर्ज करायचा. मी नोकरीला नवीन असताना एका कॉलेजनं एका मुलाची जन्मतारीख चुकीची चढवली होती. तो चांगला उंच उडी मारणारा. चूक दुरुस्त होईपर्यंत स्पर्धा होऊन गेली होती. त्या मुलाचा दारातला चेहरा मला अजून आठवतो, म्हणून मी आजही प्रत्येक फॉर्म दोनदा वाचतो.

हे फक्त कॉलेजच्या पातळीवर होतं असं नाही. २०२५ च्या जर्मनीतल्या स्पर्धेला भारताचे १२ बॅडमिंटनपटू गेले होते. नावं नोंदवण्यातल्या गोंधळामुळे त्यातल्या सहाच जणांना कोर्टवर उतरता आलं. संघानं कांस्य जिंकलं, पण बाकी सहा जण जर्मनीपर्यंत जाऊन प्रेक्षकांत बसले. त्या सहा जणांसाठी मला आजही तळमळ वाटते.

आणखी एक ताकीद मी पालकांना देतो. उत्तेजक चाचणी घेणाऱ्या "नाडा"ची माणसं विद्यापीठ पातळीच्या स्पर्धांतही नमुने घेतात. खोकल्याचं औषध, जिममधल्या मित्रानं दिलेली पावडर, काहीही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मुद्दाम घेतलं की चुकून, हे नंतर सांगून फारसा फरक पडत नाही.

चहा कधीच संपला होता. वडील म्हणाले, "म्हणजे हिला किती संधी आहेत, ते सांगा." मी पात्रता फॉर्मची एक जादा प्रत उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. मुलगी २००७ ची. जर्मनीची स्पर्धा महिन्यावर आलेली, ती सोडली तर पुढची जागतिक विद्यापीठ स्पर्धा २०२७, दक्षिण कोरिया. तेव्हा ती वीस, बी.ए.ला. त्यानंतर २०२९, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना. बावीस, एम.ए.ला. मग २०३१. चोवीस. एम.ए. २०३० ला झालं तरी आदल्या वर्षात पदवी मिळवलेली म्हणून चालेल. २०३३ ला सव्वीस, तिथे रेघ.

तीन सालं. मुलीनं तो कागद घेतला, घडी घातली आणि प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये सगळ्यात पुढच्या कप्प्यात ठेवला. मग विचारलं, "सर, उद्या मैदान किती वाजता उघडतं?"

साडेपाचला, मी म्हणालो. ती सव्वापाचला गेटवर होती.